जमनाबाईच्या तुरीत लावलेला कान

मी झरी जामणीला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या नाशिकच्या शेजारणी विचारतात, "तिथे बघायला काय आहे?" काहीच नाही. काही नाही म्हणून तर आम्ही तिथे गेलो होतो.

माझी भाची मुक्ता आकाश ऐकते. तिची नोकरीच ती आहे. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडायच्या तर आसपास मोबाइलचे मनोरे, कारखाने, गाड्या यांचा गलका नको. अशी मुकाट जागा शोधत तिची मंडळी यवतमाळ जिल्ह्याच्या पार टोकाला, झरी जामणीच्या जंगलाकडेच्या एका तांड्यावर पोहोचली आणि एका शेताच्या बांधावर अँटेना उभ्या करून परतली. पुढचे दोन-तीन आठवडे मुक्ताने एकटीने तिथे राहून त्या चालतात का ते बघायचं होतं. हे कळल्यावर माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे तिच्या आईने, मला फोन केला. "तू रिकामीच असतेस, जा तिच्याबरोबर." मी जन्मभर शाळेत कवायतीची बाई होते. हुकूम द्यायची सवय होती, घ्यायची नव्हती. पण बहीण थोरली पडली, निघाले झालं.

बाभुळगाव

रेल्वेतून उतरून यवतमाळकडे जाताना बाभुळगावला चहाला थांबलो. थंडीचे दिवस, कापूस निघत होता. रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्यांना गाड्यांवरचा कापूस लागून राहिला होता, त्यामुळे बाभळीसुद्धा फुलल्यासारख्या दिसत होत्या. टपरीवर गरम आलूबोंडा तर्रीत बुडवून मिळाला. तर्री काय असते हे मला पहिल्या घासाला कळलं आणि त्यानंतर बराच वेळ दुसरं काही कळलं नाही.

डोळ्यांतलं पाणी पुसत मी मुक्ताला विचारलं, "तू नक्की ऐकतेस तरी काय?"

तिने बाकावर बसल्या बसल्या सांगितलं. दुसऱ्या आकाशगंगांमधून कधीकधी रेडिओ लहरींचा एक स्फोट येतो. पापणी लवायच्या आत संपतो. तो कशामुळे होतो हे अजून नीट कळलेलं नाही. पण तो निघताना त्याचे उंच आणि खालचे सूर एकदम निघतात, आणि आपल्यापर्यंत पोहोचतात तेव्हा उंच सूर आधी येतात, खालचे मागे रेंगाळतात.

"का?"

"वाटेत जे असतं त्यामुळे. दोन आकाशगंगांच्या मधली जागा रिकामी वाटते ना, ती रिकामी नाही मावशी. हिशेबाने जेवढं द्रव्य असायला हवं त्यातलं बरंचसं ताऱ्यांत सापडतच नव्हतं. ते या मधल्या जागेत पसरलंय. इतकं विरळ की दिसत नाही. ही एकच लहर त्यातून चालत येते आणि किती द्रव्यातून आले ते सांगते."

मला एकदम शाळेचं मैदान आठवलं. पावसाळ्यात धावायची शर्यत लावली की उंच मुली लांब ढांगा टाकत यायच्या आणि बुटक्या चिखलात रुतून मागे पडायच्या. मैदान न बघता, नुसतं त्या किती मागे पडल्या ते बघून मी सांगू शकले असते की चिखल किती आहे. हे मुक्ताला सांगितलं तर ती म्हणाली, "अगदी तेच." मी इतकी खूश झाले की आणखी एक आलूबोंडा घेतला, हा कोरडा.

तांडा

पांढरकवड्याच्या पुढे सागाचं जंगल लागलं, आणि एका वळणावर माझ्या फोनची रेंज गेली ती आम्ही परतीला लागेपर्यंत आलीच नाही. तांडा म्हणजे गोर बंजारा लोकांची वस्ती. यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर हिंडायचे. आता सगळे शेतकरी आहेत. कापूस, सोयाबीन, तूर. तरी घरांची तोंडं वाटेकडे आहेत आणि आलेल्या माणसाला पहिला प्रश्न "कोण?" असा नसून "कोन्या रस्त्यानं आले?" असा असतो.

जिच्या वावरात अँटेना होत्या तिचं नाव जमनाबाई. चाळिशीची, काटक, हातात कोपरापर्यंत बांगड्या. नवरा हंगामापुरता पांढरकवड्याला कापसाच्या जिनिंगवर कामाला, सुट्टीला येणारा. आमची राहायची सोय तिच्याच घरी होती. तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "पोट्टी त मशीनसाठी आली. बाई, तुमी कायले आल्या?"

"हिच्यावर लक्ष ठेवायला."

"अन् तुमच्यावर कोन ठेवन?"

हिच्याशी आपलं जमणार हे मला तिथेच कळलं.

पहिल्याच सकाळी मी घोटाळा केला. शेताच्या बांधावर ओळीने आडव्या दांड्या लावलेले खांब उभे होते. मी आंघोळ करून माझी ओली साडी त्यांतल्या दोन खांबांवर ऐसपैस वाळत घातली. मुक्ता घरातून अशी धावत सुटली की तसं धावताना मी तिला शाळेच्या स्पर्धांतसुद्धा कधी बघितलं नव्हतं. अब्जावधी वर्षांचा प्रवास करून आलेल्या लहरी माझ्या पाचवारीत अडकणार होत्या. जमनाबाईने सगळ्या तांड्याला ही गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून मी जिथे जाईन तिथे बायका पदराआड हसायच्या.

जेवण मात्र असं की मी ते अपमान विसरले. ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची झणझणीत आमटी (त्या दाण्यांना तिकडे सोले म्हणतात), जवसाची चटणी, आणि दुपारी मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा. आम्ही नाशिकला तूर फक्त डाळ होऊन आलेली बघतो. शेंग सोलून हिरवा दाणा तोंडात टाकताना मला इतकं बरं वाटायचं की मी दुपारभर दुसरं काही करायचीच नाही. ऊन कोवळं, सागाची पानं वाळून खर्र खर्र वाजणारी, आणि लांब कुठेतरी कापूस वेचणाऱ्या बायकांचं बोलणं. बसल्या जागी डोळा लागायचा आणि जाग आली तरी स्वप्नच चालू आहे असं वाटायचं.

टिक

मुक्ता एका ठरावीक स्रोतावर कान लावून होती. त्याचं गाव, म्हणजे त्याची आकाशगंगा, आधीच सापडलेली होती. त्या महिन्यात तो पुन्हा पुन्हा स्फोट करत होता. त्या दिवसांत तो संध्याकाळी उन्हं कलल्यापासून दिवेलागणीपर्यंत आमच्या डोक्यावर यायचा. त्यातला एक जरी मोठा स्फोट इथल्या अँटेनांनी पकडला, तर जागा पक्की. मग इथे पुष्कळ अँटेना लागणार आणि आकाशाच्या सगळ्या बाजूंची ती मधली जागा मोजता येणार. नाही पकडला, तर खांब उपटून परत. मुक्ताने वरिष्ठांशी भांडून ही जागा निवडली होती. ती दिवसभर नखं कुरतडत असायची.

पहिल्याच संध्याकाळी तिच्या संगणकाच्या पडद्यावर उभ्या रेघा उमटल्या. सारख्या अंतराने. टिक, टिक, टिक. मुक्ता हातात छोटी अँटेना घेऊन शेतातून चालत निघाली, मी मागे. बाभळीखाली एका प्लास्टिकच्या टोपल्याखाली तो आवाज सापडला. झटका मशीन! बॅटरीवर चालणारा डबा, त्यातून शेताभोवतीच्या तारेत थांबून थांबून हलका झटका सोडतात, म्हणजे रानडुकरं आणि नीलगाई (त्यांना तिकडे रोही म्हणतात) पिकात शिरत नाहीत.

"संध्याकाळपुरती बंद ठेवाल का काकू?" मुक्ताने विचारलं.

जमनाबाईने तुरीकडे पाहिलं. शेंगा भरत आल्या होत्या. रोह्यांचे कळप नेमके दिवेलागणीलाच जंगलातून उतरतात. "बंद करू. पन तूर खाल्ली त मले वर्षभर कोन देईन? मशीन बंद, त मानसं चालू. मचानावर बसा अन् बोंबला माह्यासंगं."

हे ऐकून मुक्ताने माझ्याकडे बघितलं. माझा आवाज शाळेच्या तीन मजल्यांवर पोहोचायचा, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

मचाण

अशी मी मचाणावर चढले. विज्ञानासाठी मी आयुष्यात काय केलं, असं कुणी विचारलं तर सांगेन की ओरडले.

पहिला कळप आला तेव्हा जमनाबाईने "हुर्र्र हो" केलं. माझ्या तोंडून मात्र जुन्या सवयीने निघालं, "साव... धान!" रोही जागच्या जागी थिजले. कान टवकारून, मान ताठ, एका रांगेत. जमनाबाई हसून हसून मचाणावर आडवी झाली. "बाप्पा! कवायत करून राह्यले थे!" मग मी "पीछे मूड" दिलं, तेव्हा ते खरंच वळून गेले. ते माझ्या हुकमाने की तिच्या पत्र्याच्या डब्याच्या आवाजाने, हा वाद आमच्यात शेवटपर्यंत मिटला नाही.

कळप गेला की शांतता पसरायची. सूर्य सागाच्या मागे उतरायचा, काळ्या मातीतून थंडी वर यायची, तुरीची फुलं आधी पिवळी मग करडी व्हायची. बांधाकडेला मुक्ता पडद्यासमोर पाठ करून बसलेली. मला वाटायचं, आपण तिघी तीन प्रकारची राखण करतोय. मी वर बघून त्या मधल्या जागेचा विचार करायची. इतकं सारं तिथे आहे आणि कुणाला दिसत नाही. हे मनात आलं की छाती भरून यायची, आणि ती कशाने भरतेय हे मात्र कळायचं नाही.

एका संध्याकाळी जमनाबाई तिच्या बहिणीबद्दल बोलली. शांती, धाकटी. पुसदकडच्या एका तांड्यात दिलेली. जिल्हा एकच, पण हे एक टोक आणि ते दुसरं. आई वारली तेव्हा शांती बाळंतीण होती, येऊ शकली नाही. पुढे तिला यायचा धीरच झाला नाही. वर्षांमागून वर्षं गेली.

"भांडण झालं होतं का?" मी विचारलं.

"नाई व बाई. आली त रडा लागते. थे रडनं मोठं हाय."

मग तिने समजावून सांगितलं. त्यांच्यात बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की आधी बोलत नाहीत. गळ्यात पडून सुरात रडतात. गाणंच असतं ते. मधल्या काळात काय काय झालं, कोण गेलं, कोण जन्मलं, वाटेत काय लागलं, सगळं त्यात सांगायचं. ते संपेपर्यंत पाणीसुद्धा विचारायचं नाही. "अन् मधात तोडत नसतात. मधात उठलं त अर्धं मनातच ऱ्हायते. मंग थे कधीच निंगत नाई."

मुक्ता नेमकी तेव्हा मचाणाखाली पाणी प्यायला आली होती. ती तांब्या हातात धरून उभी राहिली आणि बराच वेळ प्यायलीच नाही.

शेवटची संध्याकाळ

दिवस संपत आले तरी पडद्यावर काही उमटेना. स्रोत कधीही मुका होऊ शकतो आणि मग महिनोन्महिने बोलत नाही, असं मुक्ता म्हणायची. शेवटच्या दिवशी तिने दुपारचं जेवण ताटातच ठेवलं. जमनाबाईने तिच्यासाठी केलेली गुळाची लापशी मीच संपवली, आणि मलाही ती गोड लागली नाही.

उन्हं कलली. मशीन बंद केलं. त्या दिवशी जंगलाच्या कडेला कळप पण मोठा उतरला होता. आम्ही दोघी ओरडून ओरडून बेजार. तेवढ्यात नाल्याकडून वाटेवर एक बाई येताना दिसली. डोक्यावर गाठोडं, मागे एक तरुण, जावई असावा. चालता चालता ती थांबायची, पुन्हा चालायची. जमनाबाईचा पत्र्यावरचा हात थांबला.

"शांती," ती म्हणाली.

"जा ना मग! मी आहे."

तिने रोह्यांकडे बघितलं, तुरीकडे बघितलं. "तुमच्या एकटीच्यानं नाई होत." हे खरं होतं. माझा घसा बसला होता. ती मशीन चालू करा म्हणाली नाही. मुक्ताला शब्द दिला होता, आणि आज शेवटची संध्याकाळ आहे हे तिला ठाऊक होतं. ती मचाणाची बल्ली दोन्ही हातांनी धरून नुसती बसून राहिली. तिची बहीण बांधापाशी येऊन उभी होती.

तेव्हा मुक्ता उठली. पडदा तसाच सोडून बाभळीकडे गेली, टोपलं उचललं आणि बटण दाबलं. टिक. टिक. टिक.

"अगं काय करतेस?" मी मचाणावरून ओरडले. मला तिचा रागच आला. एवढे दिवस, एवढी भांडणं, आणि शेवटच्या तासाला!

"काकू, जा," ती जमनाबाईला म्हणाली. मग मला म्हणाली, "मधे उठावं लागलं तर अर्धं राहील ना मावशी."

जमनाबाई मचाणावरून कशी उतरली ते मला कळलंच नाही. दोघी बहिणी बांधावर, मातीतच बसल्या, एकमेकींच्या मानेत तोंड खुपसून. आणि सुरू झालं.

मी पुष्कळ रडणी ऐकली आहेत. हे तसं नव्हतं. शांतीचा सूर उंच जायचा आणि मग पायरी पायरीने खाली यायचा, आणि तो खाली टेकायच्या आत जमनाबाई उचलायची. "याडी ये, याडी..." याडी म्हणजे आई, एवढंच मला कळलं. बाकी गोरबोलीतलं होतं. नंतर जमनाबाईने सांगितलं तेव्हा समजलं: पैनगंगेचा पूर त्यात होता, शांतीच्या नवऱ्याचं दुखणं होतं, मेलेली म्हैस होती, लेकीचं लग्न, आणि आई गेल्याचा निरोप आला ती दुपार. इतकी वर्षं तिच्यात साठलेलं सगळं त्या वाटेने येत होतं. मी मचाणावर बसून ढसाढसा रडले. कशासाठी ते आजही सांगता येणार नाही.

रोही तारेपर्यंत आले, दचकले आणि परत गेले. मुक्ता बाभळीखाली उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा शांत होता.

मग एकाएकी रडणं थांबलं. जसा नळ बंद करावा तसं. दोघींनी पदराने नाकं पुसली, आणि जमनाबाई म्हणाली, "चाल, चाय मांडू." शांतीने माझ्याकडे बघून विचारलं, "ह्याच का थ्या, खांबावर लुगडं वाळू घालनाऱ्या?" पुसदपर्यंत बातमी गेली होती.

सकाळी निघताना मला वाटलं आता आमच्यासाठीही रडतील. जमनाबाई म्हणाली, "जाताना कायले? लय दिवसानं भेटलं म्हंजे रडतात." आणि पदरातून तुरीच्या शेंगा माझ्या पिशवीत रिकाम्या केल्या.

नाशिक

परत आल्यावर मुक्ताने अहवाल लिहायला घेतला. जागा चालत नाही असं लिहायचं होतं. ते लिहायला हात होईना, म्हणून तिने त्या शेवटच्या संध्याकाळची नोंद पुन्हा चाळली. मशीन चालू झाल्यापासून सगळीकडे उभ्या रेघा. आणि एका ठिकाणी, एक टिक संपल्यावर आणि दुसरी सुरू व्हायच्या आधी, वरून खाली घसरत आलेली एक वाकडी रेघ. उंच सूर आधी, खालचे मागून. मागे पडण्याचं माप त्या स्रोताच्या मापाशी तंतोतंत जुळत होतं. दोन टिकटिकींच्या मधल्या जागेत तो बरोबर बसला होता. तिने वरिष्ठांना तपासायला लावलं, त्यांनी परत परत तपासलं. खरा होता. खांब आता उपटणार नाहीत.

जमनाबाईला कळवणार कसं? तिच्या फोनला रेंज फक्त टेकडीवर, आणि टेकडीवर ती सवड झाली तरच चढणार. फोन करा एवढाच निरोप पाठवून आम्ही वाट बघत बसलो. तूर निघाली असेल, पळस फुलला असेल, तेव्हा कुठे एका दुपारी फोन वाजला. मुक्ता माझ्याच घरी होती. "काकू!" एवढंच ती म्हणाली, आणि पलीकडून तो सूर सुरू झाला.

लय दिवसांनी भेटलो होतो ना. जमनाबाई टेकडीवर उभी राहून सुरात रडत होती. मधेच वारा, मधेच आवाज तुटायचा, पुन्हा यायचा. गोरबोलीत तुरीचं नाव आलं, रोह्यांचं आलं, शांतीचं आलं. मुक्ताच्या ओठांवर बातमी होती, पण तिने ती काढली नाही. फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून ती शेवटपर्यंत गप्प राहिली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

मग एकदम, "जेवली का?"

तेव्हा मुक्ताने सांगितलं. सगळं. टिकटिक चालू असताना, दोघी बहिणी रडत असताना, तो आला म्हणून.

मग जमनाबाई म्हणाली, "म्हंजे मशीन चालू ऱ्हायलं तरी चालत होतं? मंग आपुन येवढे दिवस बोंबललो कायले?"

मुक्ताला हसू आवरेना. तो बरोबर मधल्या जागेत पडला हे नशीब होतं, दर वेळी पडणार नाही, पुढच्या थंडीत पुन्हा मशीन बंद ठेवावं लागेल, असं ती हसत-रडत समजावत राहिली.

"बरं," जमनाबाई म्हणाली. "मास्तरीनबाईले सांग, घसा सांभाळून ठेवा म्हना."

तेव्हापासून मी रोज सकाळी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करते.